हातावर घेतलेलं

"तूही होतीस ना तिथे?" हानेके म्हणाली आणि तिने एक कोरा फॉर्म टेबलावरून माझ्याकडे सरकवला. "मग आधी तुझा भर."

मला वाटलं ती थट्टा करते आहे, म्हणून मी हसले. ती हसली नाही. हानेके नगरपालिकेच्या साथरोग विभागातली सगळ्यांत जुनी परिचारिका होती. उंच, पांढरे केस कापलेले, खालचे दात एकमेकांवर चढलेले. लहानपणी कुणी तार लावली असती तर सरळ झाले असते, असं तिच्याशी बोलताना दर वेळी माझ्या मनात यायचं. मी दातांची डॉक्टर. परभणीला दोन वर्षं दवाखाना चालवला, तंबाखूने खाल्लेली तोंडं बघून बघून वैतागले, आणि हे काम तोंडात नाही, तोंडाच्या बाहेर करायला हवं असं वाटून सार्वजनिक आरोग्य शिकायला नेदरलँड्सला गेले. तरी माणूस भेटला की नजर आधी दातांकडे जायची. अजूनही जाते.

अभ्यासक्रमाचा भाग म्हणून मला या विभागात काही महिने काम शिकायचं होतं. पहिले दोन महिने मी फक्त कागद वाचले आणि दुपारी सगळ्यांबरोबर पावात चीज घालून खाल्लं. मग एका सोमवारी हानेकेनं मला बोलावून प्रयोगशाळेकडून आलेली नावं वाचायला दिली. रक्ती जुलाब झालेली माणसं. पहिलं नाव पटवर्धन, दुसरं चिपळूणकर, तिसरं वझे.

"तुमच्याकडची आहेत?"

"आहेत," मी म्हणाले. "आणि मी त्यांना ओळखते."

शेवटचं नाव होतं जुई घाणेकर, वय वर्षं चार.

घाणेकरांच्या घरी त्याच्या नऊ दिवस आधीच्या शनिवारी सत्यनारायण होता. निनाद घाणेकर तिथल्या एका मोठ्या कंपनीत इंजिनियर होता आणि त्याची बायको केतकी घरून काही डिझाइनचं काम करायची. जुई त्यांची एकुलती एक. निनादची आई मिरजेहून काही महिने राहायला आली होती आणि मुलाच्या नव्या घरात पूजा झाल्याशिवाय आपण परत जाणार नाही असं तिने सांगून टाकलं होतं. गावातली झाडून सगळी मराठी मंडळी बोलावली होती. परदेशात एकट्या राहणाऱ्या विद्यार्थिनीला असं आमंत्रण म्हणजे पर्वणी असते. पण त्या दिवशी माझा निबंध संपेना, आणि मी पोचले तेव्हा पंगती उठल्या होत्या.

त्यानंतर तीन-चार दिवसांनी एकेक जण आजारी पडला. मोठी माणसं पोट धरून दोन-चार दिवस घरी बसली आणि सावरली. जुई सावरली नाही. आधी जुलाब, मग चेहरा पांढराफटक, मग लघवी बंद. हा जंतू गाईच्या आतड्यात सुखाने राहतो, गाईला काही करत नाही. लहान मुलाच्या पोटात गेला तर त्याचं विष रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडं बंद पाडतं. जुईला विद्यापीठाच्या हॉस्पिटलात यंत्रावर ठेवलं होतं. मूत्रपिंडं पुन्हा सुरू होतील की नाही, ते कुणीच सांगत नव्हतं. वाट बघायची, एवढंच सांगत होते.

"आपण तिला बरं करू शकत नाही," हानेके मला म्हणाली होती. "ते डॉक्टरांचं काम. पण हा जंतू कशातून तरी आला. ती वस्तू अजून कुठेतरी आहे. दुकानात असेल, कुणाच्या फ्रिजमध्ये असेल. ती सापडली नाही तर पुढच्या आठवड्यात दुसरं मूल येईल. किंवा हेच मूल परत."

म्हणून मी फोन घेऊन बसले. पूजेला आलेल्या प्रत्येकाला, बहुतेकांना मराठीतच, विचारलं, काय खाल्लंत, काय प्यालात. पुरी, बटाट्याची भाजी, मसालेभात, काकडीची कोशिंबीर, जिलबी. लोकांनी भरभरून सांगितलं. चिपळूणकर काकांनी तर जिलबी किती खाल्ल्या तेही सांगितलं आणि बायकोला कळू देऊ नका म्हणाले. हानेकेचा डोळा कोशिंबिरीवर होता, कारण पानात कच्चं तेवढंच होतं. पण कोशिंबीर न खाल्लेलेही आजारी होते आणि दोनदा वाढून घेतलेले खडखडीत होते. गणित जुळेना.

तेव्हा तिने तो फॉर्म माझ्याकडे सरकवला.

मी भरला. पोटात कळ आली होती का? हो, मंगळवारी आली होती, दोन दिवस होती. मी ते शिळ्या भातावर ढकलून मोकळी झाले होते. पूजेच्या ठिकाणी काय खाल्लं? काही नाही. काय प्यालात? काही नाही. सही केली आणि फॉर्म परत दिला.

हानेकेनं तो वाचला. चष्मा काढला.

"तू काहीच खाल्लं नाहीस."

"जेवणं झाली होती. केतकी डबा भरून देत होती, पण मला जागरण झालं होतं, मी नको म्हटलं."

"पाणी?"

"नाही."

"आणि तरी आजारी पडलीस." ती खुर्चीत पुढे सरकली. "मग बाकीच्यांना राहू दे. मला तूच सांग. दारापासून सांग. बेल वाजवलीस, पुढे?"

मला हा पोरखेळ वाटला, पण ती वरिष्ठ होती. मी सांगायला लागले. बेल वाजवली. बूट काढले. हात धुतले.

"कुठे?"

"बाथरूममध्ये. मग पूजेपाशी गेले. नमस्कार केला. आजी तिथेच पाटावर बसल्या होत्या. त्यांनी तीर्थ दिलं, प्रसाद दिला. मग मी केतकीशी बोलत—"

"थांब. काय दिलं?"

"तीर्थ. हातावर देतात, चमच्याने."

"मग तू त्याचं काय केलंस?"

"घेतलं. आणि हात डोक्यावरून फिरवला."

"घेतलं म्हणजे?"

"म्हणजे..." मी तळहात ओठांपाशी नेऊन दाखवला.

"म्हणजे प्यालीस."

"प्यायले असं नाही. तीर्थ घेतलं."

हानेके माझ्या तळहाताकडे बघत होती. "रेवती, त्या तीर्थात काय असतं?"

"दूध, दही, तूप, मध, साखर," मी म्हणाले, आणि शेवटचा शब्द तोंडातून बाहेर पडेपर्यंत माझे कान गरम झाले होते.

"आणि तो प्रसाद?"

"शिरा. रव्याचा. तो शिजवलेला असतो." मग प्रामाणिकपणे सांगितलं, "तोही खाल्ला. एवढासा."

हानेकेनं माझ्या फॉर्मवरचं 'काही नाही' खोडलं आणि शेजारी दोन ओळी लिहिल्या. कपाटातून नमुन्याची प्लास्टिकची डबी काढून माझ्यापुढे ठेवली आणि बाथरूमच्या दिशेने बोट केलं.

मग मी पुन्हा सगळ्यांना फोन लावले. या वेळी एकच प्रश्न.

"काका, तीर्थ घेतलं होतंत?"

"म्हणजे काय!" चिपळूणकर म्हणाले. "सत्यनारायणाला जाऊन तीर्थ घेतलं नाही असा कोण आहे?"

"मग परवा विचारलं तेव्हा बोलला नाहीत."

"तुम्ही काय खाल्लं ते विचारलंत हो."

सगळ्यांनी हेच सांगितलं. आणि तीर्थ न घेतलेले असे दोघेच निघाले. एक निनादच्या ऑफिसातला डच माणूस, त्याला दूध सोसत नव्हतं म्हणून तो हात जोडून नको म्हणाला होता. दुसरी शर्मिला वझे. ती कोशिंबिरीसकट सगळं जेवली होती, पण तीर्थ-प्रसाद तिला कुणी दिला नव्हता आणि तिने मागितला नव्हता. त्या दिवशी ती बाजूला बसली होती. दोघांच्याही पोटाला काही झालं नव्हतं. शर्मिलाचा नवरा मात्र चार दिवस आडवा होता.

"बाजूला का?" हानेकेनं विचारलं.

मी सांगितलं.

तिने पेन थांबवलं. "हे कारण लिहू?"

"लिही," मी म्हणाले. "खरं आहे ते."

निनादला फोन केला तेव्हा तो ऑफिसात होता. जुई आजारी पडल्यापासून तो अर्धा दिवस कामाला जायचा आणि अर्धा दिवस हॉस्पिटलात बसायचा. मी विचारलं, पंचामृताला दूध कुठलं होतं.

"शेतावरचं," तो म्हणाला. "गावाबाहेर एक गोठा आहे. तिथे मशीन ठेवलंय. नाणं टाकायचं, बाटली लावायची, थेट गाईचं दूध येतं. आईला निरसं हवं होतं. इथल्या खोक्यातलं दूध आधीच तापवलेलं असतं ना. ते पूजेला चालत नाही म्हणाली."

"मशीनवर काही लिहिलेलं नव्हतं?"

"होतं. पिण्याआधी उकळून घ्या, मोठ्या अक्षरांत. मी वाचलं. आईला वाचूनही दाखवलं. ती म्हणाली, अरे, पिण्यासाठी कुठे घेतोय, पूजेसाठी घेतोय. आणि मला ते पटलं, रेवती. तिथे उभा राहून मला ते अगदी पटलं."

मलाही पटलं असतं.

"आजी आहेत का घरी?"

"हॉस्पिटलात आहे. रोज सकाळी बाळकृष्णाला अभिषेक करते आणि बसने जाते. जुईसाठी तीर्थ घेऊन."

"कुठल्या दुधाचं?"

"रविवारी मी दुसरी बाटली आणून दिली," निनाद म्हणाला.

हानेकेला मराठी येत नव्हतं, पण ती माझा चेहरा बघत होती. मी फोन ठेवायच्या आत तिने गाडीची किल्ली घेतली. वाटेत मी तिला सगळं सांगितलं आणि तिने लगेच वॉर्डला फोन करून सांगितलं, की त्या मुलीला बाहेरचं काहीही, थेंबभरसुद्धा, देऊ नका.

मुलांच्या वॉर्डबाहेर लांबलचक व्हरांडा होता. भिंतीवर जिराफ रंगवलेले होते. आजी एका जिराफाखाली खुर्चीवर बसल्या होत्या. नऊवारी, त्यावर निनादचा जुना कोट, पायांत लोकरीचे मोजे. मांडीवर फिरकीच्या झाकणाची छोटी स्टीलची डबी दोन्ही हातांत धरलेली.

"अगं, तू होय!" मला बघून त्यांना बरं वाटलं. "बरं झालं आलीस. ह्या बायकांना जरा समजावून सांग बाई. पोरीच्या ओठाला थेंबभर तीर्थ लावू देत नाहीत. पाणीसुद्धा मापानं पाजतात म्हणे. आठवडा झाला भांडतेय मी."

"म्हणजे अजून दिलं नाही तुम्ही? एकदाही?"

"देऊ देतात कुठं! आज ठरवूनच आलेय. ती उंच नर्स कॉफीला गेली की पटकन आत जाते आणि बोटानं लावते."

हानेकेनं विचारलं, काय म्हणाल्या. मी सांगितलं. हानेकेनं श्वास सोडला आणि आजींच्या शेजारच्या खुर्चीवर बसली. आता तू विचार, असं तिने मला खुणेने सांगितलं.

मी आजींच्या समोर उकिडवी बसले. फोनवर मी सगळ्यांना तेच विचारत होते, पण इथे शब्द बदलले.

"आजी, पूजेच्या दिवशी जुईनं हातावर काय काय घेतलं?"

"हातावर? तीर्थ घेतलं, प्रसाद घेतला."

"कितीदा?"

"एकदा सगळ्यांबरोबर." मग त्यांचा चेहरा जरा सैल झाला, आवाज खाली आला. "आणि मग पुन्हा आली. आजी, ते गोड दे ना. मी म्हटलं, देवाचं आहे, मागितल्यावर नाही कसं म्हणायचं. पळीभर दिलं. हात चाटत उभी होती नुसती." त्या हसल्या. त्यांची कवळी वरच्या बाजूला सैल झाली होती. हसताना ती किंचित खाली यायची आणि त्या जिभेने परत वर ढकलायच्या. या वेळी त्यांनी ती वर ढकलली नाही. "का गं? का विचारतेस?"

मी हानेकेकडे पाहिलं.

"तपासणी होईपर्यंत खात्रीने सांगता येत नाही, हे आधी सांग," ती म्हणाली. "मग खरं सांग."

मी दोन्ही सांगितलं. दूध न उकळलेलं होतं, त्यातून हा आजार येऊ शकतो, पूजेला आलेल्यांत ज्यांनी तीर्थ घेतलं तेच आजारी पडलेत. बहुतेक दुधातून. अजून नक्की नाही.

आजींनी ऐकून घेतलं. त्यांना समजायला वेळ लागला नाही.

"मिरजेला आमच्याकडे जन्मभर निरश्या दुधाचंच करतो," त्या म्हणाल्या. "माझ्या सासूबाई करायच्या. कुणाला काही झालं नाही."

"हो."

"निनादनं मला वाचून दाखवलं होतं."

"ते सांगितलं त्यांनी."

मला त्यांचा हात धरावासा वाटला. पण हातात डबी होती. मी म्हणाले, "आजी, ही डबी आम्हाला हवी आहे. प्रयोगशाळेत द्यायला."

"तीर्थ तपासणार?"

"हो."

त्यांनी फिरकी घट्ट आहे का ते पाहिलं, पदराने डबी पुसली आणि माझ्या हातात दिली. "न्या. पण उरलेलं मोरीत ओतू नका. झाडाला घाला." मग लगेच, "नको. झाडालाही नको."

मी उठायला लागले तर त्यांनी माझी बाही धरली. "दुधाचं केतकीला कळणारच. ते कळू दे. पण मी दुसऱ्यांदा दिलं, ते तिला सांगू नकोस. पहिल्यांदाचं सगळ्यांनीच घेतलं. दुसऱ्यांदाचं माझं एकटीचं आहे. पोरीला तेच बाधलंय. सुनेच्या मनातून मी कायमची उतरेन गं."

हानेकेसाठी मी सगळं इंग्रजीत सांगितलं. सांगताना माझा आवाज सपाट होता, असं ती नंतर म्हणाली. तिने 'दोनदा' असं लिहून घेतलं.

थोड्या वेळाने केतकी वॉर्डातून बाहेर आली. आत एका वेळी एकालाच बसू देत होते, म्हणून आता आजी आत गेल्या. केतकीचे ओठ फुटले होते, केस कसेतरी वर बांधलेले. निनादचा फोन तिला येऊन गेला होता. दुधाचं कळलं आहे, असं ती स्वतःच म्हणाली. मी तिलाही तोच प्रश्न विचारला, हातावर काय घेतलं. तिने मला मध्येच तोडलं.

"हातावरचं राहू दे. मी तिला वाटी दिली."

"कसली वाटी?"

"पाहुणे निघत होते, मी डबे भरत होते. ही मागे लागली होती, ते गोड पाणी हवं. पंचामृत उरलं होतं पातेल्यात. गप्प बसावी म्हणून वाटीत ओतून हातात दिलं. सगळी वाटी प्यायली, रेवती. मी बघितलंसुद्धा नाही." ती भिंतीला टेकली. "बाकी सगळे बरे झाले आणि ही नाही झाली, त्याचं कारण ती वाटी आहे. हो ना?"

"तसं सांगता येत नाही. लहान मुलांना थोडंही पुरतं."

"सांगता येत नाही म्हणजे हो." तिने डोळे पुसले. "आईंना नको सांगूस. त्या बिचाऱ्या आधीच अर्ध्या झाल्यात. त्यांना वाटेल, सुनेनं देवाचं तीर्थ पाण्यासारखं पाजलं. आणि निनादलाही नको."

काचेतून आजी दिसत होत्या. त्यांनी पलंगाला हात लावलेला नव्हता. दोन्ही हात मागे बांधून त्या जुईकडे बघत उभ्या होत्या.

गाडीत बसल्यावर हानेकेनं किल्ली फिरवली नाही.

"दोघींनाही वाटतं, ते तिच्या एकटीमुळे झालं," ती म्हणाली. "दोघींना एकत्र बसवून बोलायला लावलं तर निम्मं ओझं उतरेल."

"मग सांगू या?"

"नाही. एकीने मुलाखतीत सांगितलेलं दुसरीला सांगायचं नसतं. तो नियम आहे. त्या आपणहून बोलतील का?"

"नाही," मी म्हणाले.

"इतकी खात्री?"

"सासू-सुना आहेत. आणि भांडत नाहीत. एकमेकींना जपतात. भांडत असत्या तर केव्हाच बोलल्या असत्या."

हानेकेनं मान हलवली. तिला ते कळलं की नाही, कुणास ठाऊक. "मला वाईट वाटतं आहे," ती म्हणाली आणि गाडी सुरू केली. डबी माझ्या मांडीवर होती. प्रयोगशाळेपर्यंत मी ती दोन्ही हातांनी धरून ठेवली.

डबीत तो जंतू सापडला. गोठ्यावरच्या मशीनमध्ये सापडला, गाईंमध्ये सापडला, माझ्या नमुन्यातही सापडला. मशीन बंद झालं. तिथून दूध नेणाऱ्या बाकी घरांना कळवलं गेलं, आणि त्यांत दोन घरांत तान्ही मुलं होती. हानेकेचं काम संपलं. तिने मला अहवाल लिहायला बसवलं आणि मी तो लिहिला. त्यात तीर्थ म्हणजे काय, ते मला एका परिच्छेदात समजावून द्यावं लागलं. 'पेय' लिहू की 'अन्न', यावर माझी एक दुपार गेली.

जुईची वाट बघणं मात्र संपत नव्हतं. मी अधूनमधून हॉस्पिटलात जाऊन केतकीबरोबर बसायचे. आजी आल्या की व्हरांड्यात बसायच्या, हात रिकामे. मग एका सकाळी ऑफिसात केतकीचा फोन आला. ती ओरडत होती, त्यामुळे काय म्हणते तेच कळेना.

"झाली! रेवती, तिला झाली! गादी भिजली सगळी!"

मी उठून उभी राहिले आणि मराठीतच ओरडले. मग भानावर येऊन इंग्रजीत सांगितलं. त्या देशात आनंद झाला की ज्याला झाला त्यानेच इतरांना केक खिलवायचा असतो. मी सायकल काढून बेकरीत गेले. एका मुलीच्या लघवीसाठी अख्ख्या विभागाने केक खाल्ला, आणि हानेकेनं दोन तुकडे खाल्ले.

वर्षभराने मी परत आले. आता एका जिल्ह्याच्या साथरोग विभागात आहे. कुठे लग्नात, उरुसात, भंडाऱ्यात लोक आजारी पडले की आमची माणसं फॉर्म घेऊन जातात. काय खाल्लंत, काय प्यालात हे त्यात आहेच. त्याच्या आधी एक प्रश्न मी घातला आहे: हातावर काय घेतलंत? सरकारी फॉर्मवर असा प्रश्न कसा, म्हणून सुरुवातीला वरून विचारणा झाली. आता होत नाही.

घाणेकरांशी संबंध राहिला तो दिवाळीच्या शुभेच्छांपुरता. आजी मिरजेला परतल्या नाहीत. जुईला पुढेही जपावं लागलं, औषधं, तपासण्या, मीठ कमी. आजींनी ते सगळं अंगावर घेतलं आणि तिथेच राहिल्या. पूजा करायच्या, पण तीर्थ कुणाला देत नसत. दोन वर्षांपूर्वी गेल्या.

या हिवाळ्यात जुई मिरजेला आली होती. तिथून बसने एकटी मला भेटायला आली. कॉलेजात जाते आता. बापासारखी उंच, आईसारखे केस. चहा नको म्हणाली, पाणी घेतलं. थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलली. तिचं मराठी चांगलं होतं, आजींच्या वळणाचं.

"मावशी, तुम्हाला एक विचारायचं होतं," ती म्हणाली. "आजी शेवटी हॉस्पिटलात होती ना, तेव्हा तिनं मला सांगितलं. तुझं ते दुखणं माझ्यामुळं गं, मी तुला दुसऱ्यांदा तीर्थ दिलं. आईला सांगू नकोस म्हणाली. मी नाही सांगितलं."

"बरं."

"मग आजी गेल्यावर आई एके दिवशी रडायला लागली. म्हणाली, मीच तुला वाटीभर दिलं होतं आणि आईंना कधी सांगू शकले नाही, आता त्या गेल्या." तिने पेला खाली ठेवला. "दोघी एवढी वर्षं एका घरात होत्या. तुम्हाला माहीत होतं?"

"हो. त्याच दिवसापासून."

ती माझ्यावर चिडेल असं मला वाटलं. चिडली नाही.

"मी आईला काय सांगितलं माहितीये? म्हटलं, तुझंही नाही आणि आजीचंही नाही. मला आठवतंय. तुम्ही सगळे बाहेर होतात तेव्हा मी स्टूल ओढून ओट्यावर चढले आणि पातेलंच तोंडाला लावलं."

"केतकी काय म्हणाली?"

"म्हणाली, ओट्यावर चढायची सवयच होती तुला. आणि त्या रात्री झोपली नीट."

"तुला खरंच आठवतंय?"

जुई हसली. तिच्या पुढच्या दातांवर, हिरडीजवळ, एक बारीक पांढुरकी आडवी रेघ होती. लहानपणी मोठं दुखणं झालं की तेव्हा हिरडीच्या आत घडत असलेल्या पक्क्या दातांवर अशी रेघ राहते. दातांच्या डॉक्टरशिवाय कुणाच्या लक्षात येत नाही.

"तुम्ही तेव्हा सगळ्यांना विचारलंत," ती म्हणाली. "मला कुणी विचारलंच नाही."

चार वर्षांच्या वयातलं माणसाला किती आठवतं, ते मी शिकले आहे. त्या दिवशी त्या घराच्या ओट्यापाशी केतकी डबे भरत उभी होती, तेही मला माहीत होतं. टेबलाच्या खणातून मी एक कोरा फॉर्म काढला आणि पेनाचं टोपण उघडलं.

"सांग," मी म्हणाले. "किती घेतलंस?"

"भरपूर," जुई म्हणाली.